मिटिंगांच्या मुलखात अबोल माणूस

मिटिंग या प्रकाराचा अभ्यास करायचा तर वडगाव मावळसारखी सोयीची जागा नाही. तालुक्याचं ठिकाण, म्हणून तहसील कचेरी, पंचायत समिती आणि न्यायालय इथेच. एका अंगाला तळेगाव-चाकणचे कारखाने, दुसऱ्या अंगाला हिंजवडीतल्या आयटी कंपन्या. लोकलने थोडं वर गेलं की लोणावळा. तिथल्या रिसॉर्टांत पुण्या-मुंबईच्या कंपन्या वर्षभर ‘ऑफसाइट’ भरवत असतात. साहेबांनी बोलावलेली आढावा बैठक, शिक्षकांची केंद्रस्तरीय शिक्षण परिषद, अंगणवाडी सेविकांची मासिक सभा, कारखान्यात शिफ्ट सुरू होताना मशीनजवळ उभ्याउभ्या होणारी पाच-दहा मिनिटांची मिटिंग, आयटीवाल्यांचा सकाळचा स्टँडअप आणि रात्रीचा अमेरिकेचा कॉल, एवढं सगळं एकाच सोसायटीच्या एकाच जिन्यात नांदतं. यातल्या बऱ्याच जणांना काम आवडतं. कामाविषयी दहा जणांसमोर बोलत बसणं नकोसं वाटतं. त्यांनी टिकावं कसं यावर गेल्या काही वर्षांत भरपूर लिहून झालंय. त्यातलं घ्यावं काय आणि सोडावं काय, हे एकदा बघून घ्यायला हवं.

आधी हा माणूस कोण ते ठरवू. कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९२१ साली ‘सायकॉलॉजिकल टाइप्स’ या ग्रंथात अंतर्मुख आणि बहिर्मुख अशी मांडणी केली आणि ती जगभर पसरली. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सुझन केन यांचं ‘क्वाएट’ आलं, तेव्हा ऑफिसातल्या गप्प माणसांना आपली बाजू मांडणारा वकील मिळाल्यासारखं वाटलं. आजचे मानसशास्त्रज्ञ माणसांचे असे दोन कप्पे करत नाहीत. ही एक लांब पट्टी आहे आणि बहुतेक जण मधेच कुठेतरी असतात. शिवाय लाजाळूपणा निराळा. लाजाळू माणसाला चार लोकांत तोंड उघडायची धास्ती असते. अंतर्मुख माणूस बोलू शकतो, चांगलं बोलतो, पण दिवसभर बोलून घरी आला की त्याला कुकरची शिट्टीही सोसत नाही.

आपल्याकडे मात्र तिसराच एक गट आहे, आणि इंग्रजी पुस्तकांना त्याचा पत्ता नाही. मावळातल्या मराठी शाळेत शिकलेला मुलगा हिंजवडीतल्या कॉलवर तासभर म्यूट असतो. तोच मुलगा लोकलच्या दारात उभा राहून तळेगावपासून शिवाजीनगरपर्यंत अखंड बोलतो, गणेश मंडळाच्या मिटिंगमध्ये वर्गणीच्या हिशेबावरून भांडतो. कॉलवर त्याचं काय होतं? मुद्दा मराठीत सुचतो, त्याचं इंग्रजी वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मग लीड विचारतो, “एनी थॉट्स?” आणि उत्तर येतं, “नो, ऑल गुड.” अप्रेझलमध्ये याला ‘कम्युनिकेशन सुधारा’ म्हणतात आणि तो स्वतःला अंतर्मुख समजून बसतो.

भाषेच्या जोडीला दर्जा आहे. दहा वर्षं आपण मुलांना ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ शिकवतो आणि बाविसाव्या वर्षी ग्रुप डिस्कशनला बसवून ‘पुढाकार कुठे दिसत नाही’ म्हणून गुण कापतो. साहेबासमोर बोललं तर उद्धट, नाही बोललं तर खाली मुंडी पाताळ धुंडी. सरकारी व्हीसीत जिल्ह्याच्या ठिकाणचे साहेब पडद्यावर असतात तेव्हा तालुक्याची खोली चिडीचूप असते. त्या खोलीत अंतर्मुख किती आणि शहाणे किती, हे सांगता यायचं नाही. तेव्हा पहिली गोष्ट ही की आपल्या गप्प बसण्याचं कारण शोधावं. भाषा आड येत असेल तर उपाय भाषेचा आहे. साहेबाची भीती असेल तर तो साहेबाचा दोष आहे. या दोन्ही गोष्टी नसतील, मराठीत बोलतानाही आणि मित्रांतही तासाभराने कोपरा गाठावासा वाटत असेल, तर पुढचं आपल्यासाठी.

संशोधन काय सांगतं? मिटिंगभक्तांना आवडणार नाही असं बरंच काही. अॅलेक्स ऑस्बोर्न या जाहिरातक्षेत्रातल्या माणसाने १९५३ च्या आपल्या पुस्तकातून ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ला मोठी प्रसिद्धी मिळवून दिली. चार डोकी एकत्र आली की कल्पनांचा पाऊस पडतो, असा त्याचा दावा. पाचच वर्षांनी, १९५८ मध्ये, येल विद्यापीठात तो तपासला गेला. चार-चार जणांचे काही गट एकत्र बसवले आणि तेवढीच माणसं वेगवेगळी बसवून त्यांच्या कल्पना नंतर एकत्र केल्या. एकेकट्या बसलेल्यांच्या कल्पना जास्त निघाल्या. १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या संशोधकांनी त्याचं मुख्य कारण दाखवलं: एका वेळी एकच जण बोलू शकतो, आणि आपली पाळी येईपर्यंत थांबलेल्याचा विचार अडून राहतो. २००९ मध्ये बर्कलेच्या अँडरसन आणि किल्डफ यांनी गटांना गणितं सोडवायला दिली. गटाचं अंतिम उत्तर १०० पैकी ९४ वेळा तेच होतं, जे कोणीतरी सगळ्यात आधी बोलून दाखवलं होतं. आधी आणि ठासून बोलणाऱ्यांना बाकीचे हुशार समजत होते. त्यांची गणितातली हुशारी तेवढी नव्हती. आपल्या ऑफिसात याला ‘मम म्हणणं’ म्हणतात, एवढाच फरक.

थकव्याबद्दलही एक उपयोगी गोष्ट सापडली आहे. २००५ मध्ये लुआँग आणि रॉगेलबर्ग यांनी नोकरदारांच्या रोजच्या नोंदी घेतल्या, तेव्हा दिवसाच्या थकव्याशी मिटिंगांच्या संख्येचा संबंध दिसला. म्हणजे दोन तासांची एक सभा परवडते. वीस-वीस मिनिटांच्या सहा नाही. व्हिडिओ कॉलबद्दल स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलन्सन यांनी २०२१ मध्ये थकव्याची चार कारणं मांडली: सगळे चेहरे अगदी जवळ आणि आपल्याकडेच रोखलेले, स्वतःचाच चेहरा सतत समोर, हलायची सोय नाही, आणि नुसत्या मान डोलवण्यालाही जादा प्रयत्न. मान्य, यातले बरेच प्रयोग परदेशातले, थोड्या माणसांवर केलेले आहेत. पण रात्री आठचा कॉल घरून घेणाऱ्या कोणालाही हे चार मुद्दे समजावून सांगावे लागणार नाहीत. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे. त्यांची सकाळ म्हणजे आपल्याकडे आजीची मालिका लागण्याची वेळ. कॉलवर कॅमेरा, बाहेरच्या खोलीत टीव्ही, आणि मधल्या दारातून आई खुणेने विचारतेय, जेवण वाढू का.

समितीने कारभार केला की काय होतं याचं ठळक उदाहरण मात्र परदेशातून आणायला नको, ते वडगावचंच आहे. रघुनाथरावाला पुण्यात सत्तेवर बसवायला १७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईकर इंग्रजांची सुमारे चार हजारांची फौज निघाली. तिचा कारभार एका सेनापतीकडे नव्हता. कार्नाक, कर्नल एगर्टन आणि मॉस्टिन अशा तिघांच्या समितीकडे होता. मॉस्टिन आजारी पडून परतला. खंडाळा ते तळेगाव हे आज लोकल आणि गाडीने तासाभराचं अंतर कापायला फौजेला सुमारे पंधरवडा लागला. तळेगावला पोचावं तर मराठ्यांनी ते आधीच जाळून रिकामं केलेलं. ११ जानेवारी १७७९ च्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून माघार सुरू झाली आणि वडगावला फौज कोंडली गेली. ग्रँट डफच्या इतिहासात त्या वेळचा वाद आला आहे. आता आणखी मागे जाणं अशक्य, असं कर्नल कॉकबर्नचं मत पडलं. पिछाडी सांभाळत प्रत्यक्ष लढत आलेल्या कॅप्टन हार्टलीचं मत वेगळं होतं; बाहेर कसं पडायचं याची योजनाही त्याने मांडली. ती बाजूला पडली. १६ जानेवारीला वडगावचा तह झाला. पुढे कंपनीच्या संचालकांनी कार्नाक, एगर्टन आणि कॉकबर्न यांना बडतर्फ केलं आणि हार्टलीला बढती मिळाली. लढाई मराठ्यांनी जिंकली ती महादजी शिंद्यांच्या डावपेचांवर, तिचं श्रेय इंग्रजांच्या समितीला देऊ नये. पण ज्याला जमिनीवरची खबर आहे त्याचं म्हणणं मिटिंगमध्ये कसं वाहून जातं, ते या गावाने जवळून पाहिलंय. हार्टली गप्प बसणारा होता असा कुठे पुरावा नाही. बोलूनही त्याचं ऐकलं गेलं नाही. न बोलणाऱ्याची काय कथा.

आता उपायांकडे. बाजारात सगळ्यात जास्त खपणारा सल्ला म्हणजे ‘बोलके असल्याचं सोंग आणा, हळूहळू सवय होईल’. हा सल्ला अगदीच खोटा नाही. थोडा वेळ मोकळेपणाने वागलं तर अंतर्मुख माणसालाही बरं वाटतं, आणि आपल्याला किती बरं वाटेल याचा त्याचा अंदाज बहुधा कमीच असतो, असं काही प्रयोगांत दिसलं आहे. पण २०१९ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी लोकांना आठवडाभर बोलकं वागायला सांगितलं. एकंदरीत लोकांना फायदा झाला. जे मुळातच फार अंतर्मुख होते त्यांना कमी झाला, आणि ते थकले, आपण खोटं वागतोय असंही त्यांना वाटत राहिलं. म्हणजे सोंगाला मुदत असावी. महिन्यातून एका क्लायंट प्रेझेंटेशनपुरतं ठीक, रोजचं नाही. ब्रायन लिटल हे मानसशास्त्राचे प्राध्यापक व्यासपीठावर अतिशय रंगतदार बोलत आणि दोन व्याख्यानांच्या मधे कोणी गाठू नये म्हणून चक्क स्वच्छतागृहात जाऊन बसत. ज्या कामावर जीव आहे त्यासाठी माणूस स्वभावाबाहेर जाऊ शकतो, पण परत यायला त्याला जागा लागते, असं त्यांचं म्हणणं. मावळच्या माणसाला हे नवीन नाही. इंदुरीजवळच्या भंडारा डोंगरावर एकांतात बसणारे तुकोबा खाली कीर्तनाला उभे राहतच होते.

माझ्या मते खरा कामाचा उपाय एकच, आणि बाकीचे त्याच्या शाखा: मिटिंगमधलं जेवढं कागदावर नेता येईल तेवढं न्यावं. याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा दाखला गांधीजींचा. लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत ते बैठकीमागून बैठक तोंड न उघडता बसत. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि शब्द फुटेना, म्हणून खाली बसले. १८९६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची दैना सांगायला त्यांची मुंबईत जाहीर सभा ठरली, तेव्हा फिरोजशहा मेहतांनी बजावलं की भाषण लिहून काढा. ते आदल्या रात्रीत छापूनही घेतलं. गांधीजींना याची गरज तेव्हा पटली नव्हती. सभेत उभे राहिले तर आवाज पोचेना, हात थरथरू लागले. अखेर ते भाषण दिनशा वाच्छांनी वाचलं आणि सभा जिंकली. आत्मकथेत त्यांनी हे सगळं मोकळेपणाने सांगितलंय. मेहतांनी या तरुणाला धीट हो, व्यक्तिमत्त्व सुधार, असा उपदेश केला नाही. कागद तयार ठेवायला लावला. चांगल्या मॅनेजरकडून याहून जास्त अपेक्षा नसावी.

नोकरीत याचं रूप साधं असतं. मिटिंगच्या तासभर आधी आपला मुद्दा तीन ओळींत मेलवर टाकायचा, म्हणजे बोलायची वेळ आली की ‘मी सकाळी पाठवलं त्यातला दुसरा मुद्दा’ एवढंच म्हणावं लागतं. बोलायचं एकच वाक्य असलं तरी ते पहिल्या दहा मिनिटांत बोलून टाकायचं. अँडरसन-किल्डफचे आकडे आठवा: उशिरा आलेलं बरोबर उत्तर वाया जातं. शिवाय एकदा बोलून झालं की ‘आता आपलं नाव घेतील’ ही धाकधूक संपते. मिनिट्स लिहायचं काम आपणहून मागून घ्यावं. ज्याला कोणी हात लावत नाही असं हे काम आहे, आणि काय ठरलं हे शेवटी लिहिणाराच ठरवतो. ग्रामपंचायतीत प्रोसिडिंग बुक ज्याच्या हातात त्याला सगळे का जपून असतात, हे गावात कोणालाही विचारा. धारवाडला प्राध्यापकी करणारे जी. ए. कुलकर्णी सभासमारंभांपासून चार हात लांब राहिले. त्यांच्या पत्रांचे खंडच्या खंड निघाले. माणूस अबोल असला म्हणजे त्याच्याकडे सांगण्यासारखं कमी असतं असं नाही, वाट वेगळी लागते.

एकट्या माणसाने करायचं ते इथे संपतं. उरलेलं मिटिंग घेणाऱ्यांच्या हाती आहे, आणि ते काही फार अवघड नाही. अॅमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकीतून पॉवरपॉइंट हद्दपार केलं. सहा पानांचं टिपण लिहून आणायचं, सगळ्यांनी सुरुवातीला ते तिथेच बसून मुकाट्याने वाचायचं, मग बोलायचं. जगाने याचं फार कौतुक केलं. आपल्या सरकारी कचेरीत लिपिकाने टिपणी लिहायची, अव्वल कारकुनाने त्याखाली मत द्यायचं, फाईल वर जायची, ही पद्धत त्याच्या कितीतरी आधीची आहे. तिला दिरंगाईचा रोग आहे हे कबूल. पण त्या फाईलवर सर्वांत धाकट्या लिपिकाचं मत सर्वांत आधी लिहिलं जातं. विधानसभेतही ज्या आमदाराला सभागृहात उभं राहायचं नाही त्याला अतारांकित प्रश्न आहे, उत्तर लेखी मिळतं. चाकण-तळेगावच्या कारखान्यांत जपानी वळणाची कायझेन पद्धत रुळली आहे. कामगार सुधारणा सुचवतो ती एका कागदावर, आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो लावून. ज्याला सभेत चार शब्द धड बोलता येत नाहीत असा फिटर अशा कागदावर बक्षीस मिळवू शकतो.

सगळ्यात शिकण्यासारखी बैठक मात्र बचत गटाची. दहा ते वीस बाया, कोणाच्या तरी पडवीत सतरंजी, ठरलेला वार, ठरलेली वेळ. गोल बसायचं. गटाच्या पंचसूत्रीत पहिलं सूत्रच नियमित बैठकांचं, पुढे बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब. प्रत्येकीची पाळी येते: पैसे सतरंजीवर ठेवायचे, पासबुक पुढे करायचं, मागचा हप्ता किती राहिला ते सांगायचं, नवं कर्ज हवं असेल तर कशासाठी ते सांगायचं. बोलायचा विषय ठरलेला, क्रम ठरलेला, वेळही थोडा. ज्या बाईने सासरी दहा वर्षं मान वर केली नाही ती इथे ‘माझे दोन हप्ते थकलेत, शेळी विकली की भरते’ हे सगळ्यांसमोर सांगते. मग नोंद होते, सह्या किंवा अंगठे होतात, बैठक संपते. २०१० मध्ये अमेरिकेतल्या अॅनिटा वूली आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं, की ज्या गटांत बोलण्याची पाळी सगळ्यांना सारखी मिळते ते गट एकंदर कामगिरीत सरस ठरतात. त्यावर नंतर वाद झाले, ते होऊ देत. ग्रामसभेच्या कायद्यातही ही समज आहे: नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा वेगळी घ्यायची. मोठ्या सभेत जिचा आवाज दबतो तिला आधी लहान सभा द्या, एवढाच त्याचा अर्थ.

आयटीतला स्टँडअप मुळात याच जातीचा. स्क्रमच्या नियमावलीत त्याला १५ मिनिटं आहेत. रूढ प्रश्न तीनच: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. प्रत्यक्षात मॅनेजर कोणाचा तरी एक बग धरून बसतो आणि बाकीचे नऊ जण ४० मिनिटं मान डोलावतात. दोष स्टँडअपचा नाही.

लोणावळ्याच्या ऑफसाइटविषयी थोडं कडू बोलावं लागेल. सकाळी ‘आइसब्रेकर’, म्हणजे स्वतःबद्दल दोन खऱ्या आणि एक खोटी गोष्ट सांगा. दुपारी फुगे फोडा. संध्याकाळी डीजे, रात्री पवनेच्या काठी शेकोटी आणि सक्तीची अंताक्षरी. यातून टीम बांधली जाते असं ज्यांना वाटतं ते बहुतेक आधीच एकमेकांचे मित्र असतात. त्यापेक्षा सगळ्यांना मळवलीला उतरवून लोहगडावर न्यावं. चढावर माणसं आपोआप दोघं-दोघं चालू लागतात, दम लागला की गप्प बसायला कारण मिळतं, आणि वर्षभर ज्याचा आवाज ऐकला नाही तो विंचूकाट्याच्या टोकावर आपणहून काहीतरी सांगतो.

अबोल माणसांनाही दोन गोष्टी ऐकवायला हव्यात. या विषयावरचं बरंच लिखाण त्यांना गोंजारणारं आहे. उथळ पाण्याला खळखळाट फार, तेव्हा आपण गप्प म्हणजे आपण खोल, असा सोयीचा निष्कर्ष त्यातून निघतो. गप्प माणसांतही उथळ पुष्कळ असतात, कळत नाही एवढंच. ग्रँट, जिनो आणि हॉफमन यांच्या २०११ च्या अभ्यासाचा हवाला सारखा दिला जातो. त्यात पिझ्झाच्या दुकानांत कर्मचारी स्वतः सूचना करणारे असतील तर कमी बोलक्या प्रमुखाचं दुकान जास्त नफ्यात दिसलं. पण कर्मचारी थंड असतील तर बोलक्या प्रमुखाचंच दुकान पुढे होतं, हा निम्मा भाग सांगायचा राहून जातो. आणि दुसरं, यंत्राचं गार्ड ढिलं आहे, डिझाइनमध्ये चूक आहे, पुलाचा पाया खचतोय, हे ज्याला दिसलंय त्याला स्वभावाची सवलत नाही. लिहून द्या, निरोप पाठवा, साहेबाला जिन्यात गाठा, पण कळवा.

मिटिंग बोलावणाऱ्यांना मात्र विनंती आहे. ग्रामसभा घ्यायची तर सात दिवस आधी विषयांसह नोटीस काढावी लागते. कंपनीने एवढं करू नये. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत विषय कोणता, निर्णय काय हवाय आणि कोणाकडून काय हवंय, एवढं चार ओळींत लिहून पाठवावं; आणि ज्याच्याकडून काहीच नको आहे त्याचं नाव यादीतून काढून टाकावं.